वेलांटीरावांची लिफ्ट

वेलांटीरावांची कंबर ज्या सकाळी धरली, त्या सकाळी मोटारसायकलला काहीही झालं नव्हतं. चेन जराशी सैल वाटली म्हणून ते गॅरेजमध्ये तिच्याशेजारी उकिडवे बसले, मागच्या चाकाच्या नटाला पाना लावला, आणि उठायला गेले तर उठताच येईना. हाक मारायची लाज वाटत होती. मग बसल्या बसल्या त्यांनी चेनला तेल दिलं, चाकाची एकेक तार फडक्यानं पुसली, आणि पुसण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा खोकले.

खोकला ऐकून बायको आली. ती मोटार शिकवण्याच्या शाळेत नोकरीला होती. घाबरलेल्या माणसाच्या शेजारी बसून आपण शांत राहायचं, याची तिला बावीस वर्षांची सवय होती. तिचे विद्यार्थी तिला मॅडम म्हणत आणि हळूहळू वेलांटीरावही तेच म्हणायला लागले होते. तिनं दारात उभं राहून परिस्थिती नीट बघून घेतली.

"उठण्याआधी मागचा-पुढचा अंदाज घेतला होतात का?" तिनं विचारलं, आणि मग काखेत हात घालून त्यांना उभं केलं.

वेलांटीराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. छापखान्यात एकतीस वर्षं त्यांनी मुद्रितं तपासली. ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ पडलं तर ते त्यांना पानावर नजर टाकण्याआधीच कळतं, अशी त्यांची ख्याती होती. तिथल्याच कुणीतरी हे नाव ठेवलं, ते त्यांच्याबरोबर घरी आलं आणि निवृत्तीनंतर घरातच राहिलं. निवृत्त होताना त्यांनी छापखान्यातून फक्त एक लाल पेन आणलं होतं. बाकी आयुष्यात बायको होती आणि ही मोटारसायकल. काळी, अंगानं थोराड, एकशे सत्तर किलो वजनाची. लग्नाच्या वर्षी घेतलेली. इंजिनाच्या आतलं सोडलं तर तिचं सगळं काम ते स्वतःच्या हातानं करत.

डॉक्टरांनी सांगितलं की यापुढे उकिडवं बसायचं नाही आणि वाकून जोर लावायचा नाही. मॅडमना यात काहीच अवघड दिसलं नाही. गाडी धाकटीच्या घरी पाठवून द्या, असं त्या म्हणाल्या.

खरी मेख इथंच होती. धाकटी म्हणजे मॅडमची सख्खी बहीण, आणि तिचा नवरा म्हणजे वेलांटीरावांचा साडू. साडूचं मोटारसायकल दुरुस्तीचं स्वतःचं दुकान होतं. त्याच्या हाताला गुण आहे असं लोक म्हणत. आणि गेली चार वर्षं वेलांटीराव त्याच्याशी बोलत नव्हते, किंवा तो यांच्याशी बोलत नव्हता. सुरुवात कुणी केली यावर दोघांचं एकमत नव्हतं.

झालं होतं ते एवढंच. इंजिन उघडायची वेळ आली तेव्हा वेलांटीरावांनी गाडी साडूकडे दिली होती. चार दिवसांनी ती आणायला गेले. साडूनं केलेल्या कामाची यादी स्वतःच्या हातानं लिहून ठेवली होती. वेलांटीरावांनी ती वाचली, खिशातून लाल पेन काढलं, आणि दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं उभी असताना तिच्यावर अकरा खुणा करून ती परत दिली. त्यांच्या मनात काही नव्हतं. एकतीस वर्षं समोर आलेल्या कागदाचं त्यांनी तेच केलं होतं. पण गिऱ्हाइकांतला एक जण हसला. साडूनं यादी हातात घेतली, बघितली, घडी करून खिशात ठेवली, आणि त्यानंतर दोन्ही घरं फक्त दोघी बहिणींच्या फोनवर चालू राहिली.

त्यामुळे गाडी धाकटीच्या घरी जाणं शक्यच नव्हतं. त्या संध्याकाळी कंबरेला शेकत वेलांटीरावांनी जाहीर केलं की आपण लिफ्ट घेणार.

ही बातमी गल्लीत पसरायला दोन दिवस लागले. शेजारचे निवृत्त पोस्टमन कुंपणापाशी येऊन बराच वेळ घराकडे बघत राहिले. घर तर बैठं आहे, मग लिफ्ट जाणार कुठं, असं त्यांनी शेवटी विचारलं. वेलांटीरावांनी त्यांना समजावून सांगितलं की ही माणसांची लिफ्ट नव्हे, गाडी कंबरेच्या उंचीपर्यंत उचलून धरणारी लिफ्ट आहे, म्हणजे मेकॅनिकला वाकावं लागत नाही. पोस्टमननी मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी मॅडमना हळूच विचारलं की वरचा मजला कधी चढवताय.

वेलांटीरावांनी एक दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर 'उचलयंत्र' असं लिहून खोडलं होतं आणि खाली 'लिफ्ट' असं लिहिलं होतं. मग सुरू झाली निवड.

सगळ्यात साधा होता मागचा स्टँड. तो मागच्या चाकाखाली सारायचा, दांडा दाबायचा, चाक वर. वेलांटीराव तो बघून आले आणि त्यांनी लिहिलं, 'गाडी एक वीत वर जाते, पण माणूस तेवढाच खाली राहतो.' स्टँड बाद झाला. मग आला कात्री जॅक. इंजिनाच्या खाली ठेवून स्क्रू फिरवला की कात्रीसारखे पाय उघडतात आणि गाडी वर येते. पण यांच्या गाडीच्या पोटाखालून सायलेन्सरचा पाईप गेला होता. जॅक नेमका त्याच्यावर टेकणार. मध्ये लाकडाचा ठोकळा ठेवला तर चालेल, असं दुकानदार म्हणाला. ठोकळा कोणत्या लाकडाचा असावा यावर वहीत चार पानं झाली. हवेवर चालणारी लिफ्ट चांगली होती, पण तिला कॉम्प्रेसर लागतो आणि कॉम्प्रेसर दुपारी चालू केला तर पोस्टमनची झोपमोड झाली असती. विजेवर चालणारी आणखी चांगली. पण वीज गेली आणि गाडी वरच राहिली तर, हा प्रश्न त्यांनी दुकानदाराला तीन वेगवेगळ्या दिवशी विचारला.

दुकानदार सोशिक माणूस होता. पहिल्या भेटीत त्यानं वेलांटीरावांना सगळं समजावून सांगितलं. दुसऱ्या भेटीत खुर्ची दिली, तिसऱ्या भेटीत चहा. चौथ्या भेटीपासून मात्र त्यानं शहाणपणा केला. कुणी नवं गिऱ्हाईक आलं की तो त्याला वेलांटीरावांच्या शेजारी बसवायचा आणि स्वतः हिशेबाला लागायचा. वेलांटीराव वही उघडून त्या माणसाला गाडीचं वजन, चाकांमधलं अंतर, गॅरेजची लांबी विचारत आणि त्याला कोणती लिफ्ट योग्य हे ठामपणे सांगत. त्यांच्या सांगण्यावरून तिघांनी लिफ्टा नेल्या. तिघंही खूश होते. वेलांटीरावांचं स्वतःचं काही ठरत नव्हतं.

खरं तर मनातून त्यांना पायपंपाची टेबल लिफ्ट आवडली होती. सात फूट लांब, दोन फूट रुंद लोखंडी टेबल, जमिनीलगत बसलेलं. एका टोकाला उताराची फळी, तिच्यावरून गाडी चढवायची. दुसऱ्या टोकाला शिकंजा, त्यात पुढचं चाक जाऊन बसतं. मग पायानं पंप मारत राहायचं, टेबल वर येतं, आणि हव्या त्या उंचीला लॉकचा दांडा टाकला की तिथंच थांबतं. पण सात फूट म्हणजे सात फूट. गॅरेज अकरा फुटांचं, त्यातले तीन फूट मॅडमच्या जुन्या कपाटानं खाल्लेले. म्हणून त्यांनी खडूनं जमिनीवर टेबलाच्या मापाचा चौकोन काढला आणि पंधरा दिवस ते त्या चौकोनाभोवती फिरून नसलेल्या गाडीचं काम करत राहिले. इथून पाना घ्यायचा, इथं वळायचं, इथं कपाटाचं दार उघडलं तर कोपर लागेल.

मॅडम एकदा खिडकीतून बघत होत्या.

"सांभाळून," त्या म्हणाल्या. "पडेल."

वेलांटीरावांनी चटकन हात पुढे केला, आणि मग तोच हात हळूच खिशात घातला. मॅडम मात्र त्या दिवशी शिकवताना दोनदा उगाचच हसल्या, असं त्यांच्या विद्यार्थ्यांनी पाहिलं.

पाच महिने झाले. वही भरत आली. गाडी इतक्या दिवसांत फक्त पुसली जात होती. चेन तशीच सैल होती आणि आता तर गाडी जागची हलवली तरी आवाज करायला लागली होती. एका सकाळी पोळी लाटावी तितक्या सहजपणे मॅडमनी विचारलं की तुम्हाला उभ्यानं काम करायचंय ना. वेलांटीराव म्हणाले, हो. मग जी लिफ्ट तुम्हाला उभं ठेवेल ती घ्या, असं मॅडम म्हणाल्या आणि कामावर निघून गेल्या. प्रकरण इतकं सोपं नाही, असं वेलांटीरावांनी रिकाम्या स्वयंपाकघराला सांगितलं. दुपारी जाऊन त्यांनी टेबल लिफ्ट नोंदवली. वहीत मात्र या निर्णयाची कारणं अडीच पानं भरून लिहिली, आणि त्यांत मॅडमचा उल्लेख नव्हता.

लिफ्ट आली ती मंगळवारी सकाळी. दोन माणसांनी ती टेम्पोतून उतरवली, जोडली, खडूच्या चौकोनावर बरोबर बसवली आणि ते गेले. मॅडमना दहा वाजता शाळेत पोहोचायचं होतं. आपण येईपर्यंत गाडी चढवू नका, दुपारी दोघं मिळून चढवू, असं त्यांनी जाताना बजावलं. वेलांटीराव हो म्हणाले. आणि खरोखरच ते तासभर फक्त माहितीपुस्तिका वाचत बसले.

पुस्तिका कुठल्यातरी परभाषेतून घाईघाईनं उतरवलेली होती. लाल पेन बाहेर आलं. 'चाक' दीर्घ ऊकार देऊन कसं लिहिता येतं हे वेलांटीरावांनी आयुष्यात प्रथमच पाहिलं. एकोणतीस चुका निघाल्या. चौथ्या पानावर कृतीच्या पायऱ्या दिल्या होत्या आणि तिथं सहाव्या पायरीनंतर एकदम आठवी होती. वेलांटीरावांनी समासात खूण केली, शेजारी 'क्र. ७ गळला आहे' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं, आणि चूक पकडल्याच्या समाधानात आठवी पायरी वाचायला घेतली.

एवढं वाचल्यावर थांबणं त्यांच्यानं होईना. साडेदहाला त्यांनी गाडी फळीवरून टेबलावर ढकलली. ती सुरळीत चढली. पुढचं चाक शिकंज्यात गेलं, बाजूच्या स्टँडवर गाडी डावीकडे कलून उभी राहिली. ही झाली सहावी पायरी. आठवीत पंप मारायला सांगितलं होतं. त्यांनी मारला. गाडी वीतवीतभर वर येऊ लागली, गुडघ्यापर्यंत, मांडीपर्यंत, कंबरेपर्यंत. त्यांनी लॉकचा दांडा टाकला. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्यांना चेन समोर दिसत होती, न वाकता. त्यांचे डोळे भरून आले, हे त्यांनी नंतर कुणाला सांगितलं नाही.

मग चाक फिरवून बघावं म्हणून त्यांनी गाडी जराशी सरळ केली. जुन्या स्टँडच्या स्प्रिंगला तेवढंच हवं होतं. स्टँड खटकन मिटला. मागचं चाक टेबलाच्या डाव्या काठापर्यंत घसरलं, आणि एकशे सत्तर किलो गाडी वेलांटीरावांच्या अंगावर येऊन विसावली.

त्यांनी हँडल धरलं, सीटला खांदा लावला. गाडी थांबली. आता स्टँड पुन्हा उघडायचा म्हटलं तर त्याच्याखाली टेबलच उरलं नव्हतं, नुसती हवा. टेबल खाली घ्यायचं म्हटलं तर आधी लॉकचा दांडा काढायला वाकावं लागणार आणि हात सोडल्याशिवाय वाकता येणार नाही. गळलेली सातवी पायरी काय असावी हे वेलांटीरावांना तेव्हा अगदी लख्ख समजलं. शिकंजा आवळावा आणि दोन्ही बाजूंनी पट्टे बांधावेत. पट्टे बाहेर व्हरांड्यात खोक्यात होते. खिडकीत ठेवलेला फोन वाजायला लागला. वाजून थांबला. पुन्हा वाजला. मॅडम असणार. वेलांटीराव फोनकडे बघत उभे राहिले.

दहा मिनिटांनी फाटक वाजलं.

आता झालं होतं असं, की आज लिफ्ट येणार हे मॅडमनी सकाळी धाकटीला सांगितलं होतं, धाकटीनं नवऱ्याला सांगितलं होतं, आणि नवऱ्याला दुकानात चैन पडेना. तीस वर्षं त्यानं जमिनीवर बसून गाड्या दुरुस्त केल्या होत्या. असली लिफ्ट त्यानं फक्त मोठ्या शोरूममध्ये काचेपलीकडून पाहिली होती. तेव्हा घरातला एक रिकामा स्टीलचा डबा उचलून, ताईंचा डबा परत द्यायचा राहिला होता, असं निमित्त घेऊन तो आला होता. डबा कुणाचा होता ते देव जाणे.

तो गॅरेजच्या दारात आला आणि थबकला. वेलांटीराव गाडीला मिठी मारून उभे होते, चेहरा सीटवर टेकलेला.  साडूनं डबा खाली ठेवला, पलीकडच्या बाजूला गेला, मागची कडी धरून गाडी स्वतःकडे ओढली. वेलांटीरावांच्या खांद्यावरचं अर्धं वजन गेलं. चार वर्षांत दोघं पहिल्यांदाच एकमेकांपासून दोन फुटांवर होते आणि मध्ये गाडी होती.

"पट्टे?" साडूनं विचारलं.

"व्हरांड्यात. खोक्यात."

"मग जा, घेऊन या. मी धरतो."

वेलांटीरावांनी हळूच हात सैल केला, आणि गाडी लगेच त्यांच्याकडे कलली. त्यांनी घाईनं पुन्हा धरली. त्यांना वाटलं साडू मुद्दाम करतोय. त्यांनी वर पाहिलं. साडूचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"उजवा खांदा," साडू म्हणाला. "सहा महिने झाले. वर जात नाही, ताकदही नाही. घरी माहीत नाही."

वेलांटीरावांनी त्याला मग तुम्ही जा असं सांगितलं. साडू म्हणाला, मी आलो तेव्हा तुम्ही कसे उभे होतात ते मी पाहिलंय. एकट्याला आता आणखी दोन मिनिटंही जमणार नाही. ते खरंच होतं. मग कुणीच गेलं नाही. साडूचा फोन त्याच्या स्कूटरच्या डिकीत होता. वेलांटीरावांचा खिडकीत परत वाजायला लागला होता आणि दोघं तो थांबेपर्यंत ऐकत राहिले.

 मग साडूची नजर चाकाच्या तारांमधून पलीकडच्या चेनवर गेली, आणि तो चार वर्षांचं विसरून म्हणाला की चेन फार सैल झालीय, चक्राचे दात खाईल. वेलांटीराव म्हणाले, माहीत आहे, तिच्यापायीच हे सगळं. साडूनं इंजिनाकडे पाहिलं. तेल कुठं गळतंय का विचारलं. नाही, म्हणाले वेलांटीराव, एक थेंब नाही. चार वर्षांत एक थेंब नाही. थंडीत पहिल्या किकला चालू होते.

 साडू गाडीकडेच बघत म्हणाला, "हे त्या दिवशी म्हणाला असतात तर."

"कोणत्या दिवशी?"

"कोणत्या म्हणजे? दोन दिवस मी ते इंजिन उघडून बसलो होतो. आतलं एक बेअरिंग बाजारात मिळत नाही, ते तीन दुकानं फिरून आणलं. तुमची गाडी म्हणून दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तुम्ही आलात. गाडीबद्दल एक शब्द नाही आणि वेलांट्यांबद्दल अकरा."

 वेलांटीरावांच्या आयुष्यात चूक दाखवण्याचे शंभर मार्ग होते. आपली चूक मान्य करायचा एकही सरावाचा नव्हता. त्यांचे दंड थरथरत होते, आणि समोरच्या माणसाचा उजवा हात त्याहून जास्त थरथरत होता, तरी त्यानं कडी सोडली नव्हती.

"काम चांगलं होतं," ते म्हणाले. "फार चांगलं होतं. मला ते त्याच दिवशी कळलं होतं, घरी येताना वाटेतच. गाडीचा आवाज बदलला होता. मी परत वळून येणार होतो सांगायला. मग म्हटलं उद्या. मग तुम्ही बोलेनासे झालात."

"मी नाही, तुम्ही."

"बरं, मी."

साडूनं खाली पाहिलं. एवढी सवलत मिळेल अशी त्याची अपेक्षा नव्हती, त्यामुळे तो थोडा गोंधळला. मग त्यानं गाडी आणखी जराशी स्वतःकडे ओढून घेतली, खांदा दुखत असून, आणि वेलांटीरावांना हात झटकायला एक क्षण दिला. पुढे त्यांनी ठरवून पाळीपाळीनं एकमेकांचे हात मोकळे केले. त्या वेळात साडूनं खांद्याची सगळी कहाणी सांगितली. सकाळी पाना उचलताना पहिला अर्धा तास बोटं वळत नाहीत. गुडघे तर कधीचेच गेलेत. गिऱ्हाईक गेलं की भिंत धरून उठतो. दुकान बंद करावं असं दोनदा मनात आलं. हे सगळं त्यानं गाडीच्या टाकीकडे बघत सांगितलं आणि वेलांटीरावांनीही टाकीकडेच बघत ऐकलं.

सव्वाअकराला बाहेर मोटार येऊन थांबली. फोन तीनदा उचलला नाही म्हणून मॅडम चालू शिकवणीतच घराकडे निघाल्या होत्या. गाडी एक शिकाऊ बाई चालवत होती आणि मॅडमनी वाटेत तिला एकदाही घाई केली नव्हती. उलट फाटकासमोर गाडी नीट लावून घेतली, एकदा मागे घेऊन पुन्हा. मग त्या आत आल्या.

त्यांनी दोघांकडे पाहिलं. जमिनीवरचा डबा पाहिला. सगळं त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी आधी पुस्तिका उचलली आणि चौथं पान उघडलं.

"सहानंतर आठ आहे," त्या म्हणाल्या.

"मला माहीत आहे. खूण केली आहे मी," वेलांटीराव म्हणाले.

"हो, दिसतेय. खूण सुरेख केलीत."

सीटच्या पलीकडे साडूला हसू आवरेना आणि त्या हसण्यानं गाडी हलायला लागली. मॅडमनी त्याला हसणं बंद करायला सांगितलं, ज्या आवाजात त्या शिकाऊ माणसाला ब्रेकवरचा पाय काढायला सांगत त्याच आवाजात. व्हरांड्यातून पट्टे आणले. आधी उजवा बांधला, मग डावा, मग शिकंजा आवळला. शिकाऊ बाई दारात उभी राहून हे सगळं लक्षपूर्वक बघत होती, बहुधा अभ्यासाचाच भाग समजून. पट्टे ताणले गेल्यावर मॅडम म्हणाल्या, आता हात सोडा. दोघांपैकी कुणी सोडेना. दोघांना एकेक करून, नाव घेऊन सांगावं लागलं. हात सुटले, गाडी जागची हलली नाही.

मॅडमनी चहा ठेवला. शिकाऊ बाईलाही दिला. साडूचा खांदा मात्र त्यांनी तिथंच हात लावून पाहिला आणि धाकटीला फोन लावला. साडू नको नको म्हणत राहिला. मॅडम फोनवर बहिणीला म्हणाल्या की तुझा नवरा इथं आहे, ठणठणीत आहे, फक्त सहा महिने खोटं बोलतोय.

चेन त्याच दुपारी ताणली गेली. वेलांटीराव पाना फिरवत होते आणि साडू शेजारी उभा राहून सांगत होता, अजून पाव, बास, आता दुसरी बाजू. काम अर्ध्या तासाचं होतं. त्यांनी ते दोन तास पुरवलं.

त्यानंतर आठ दिवसांनी साडू पुन्हा आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यानं लिफ्टच्या काठावरून हात फिरवला आणि असली एक दुकानासाठी घ्यायची म्हटलं तर कोणती घ्यावी, असं सहज विचारल्यासारखं विचारलं. वेलांटीरावांनी कपाट उघडून वही काढली. साडूनं ती पहिल्या पानापासून वाचली. ठोकळ्याच्या लाकडाची चार पानंसुद्धा. आजवर ती वही पूर्ण वाचणारा तो एकटाच.

पुढचं सगळं झपाट्यानं झालं. दोघं जाऊन दुकानाचं माप घेऊन आले. साडूकडे दिवसाला पाच-सहा गाड्या येत, त्यामुळे पायपंप मारून गुडघा जाणार, म्हणून वेलांटीरावांनी हवेवर चालणारी सुचवली. कॉम्प्रेसर दुकानात होताच. टायरचं काम जास्त, म्हणून मागच्या चाकाखालची टेबलाची पट्टी काढून चाक खालून सोडवता येईल अशी हवी होती. स्वतःसाठी पाच महिने घेणाऱ्या माणसानं साडूची लिफ्ट चार दिवसांत पक्की केली. दुकानदारानं वेलांटीरावांना आत येताना पाहून सवयीनं खुर्ची पुढे केली. त्यांना आज खरेदी करायचीय हे कळल्यावर त्याला दुसऱ्यांदा विचारून खात्री करून घ्यावी लागली.

लिफ्ट बसली त्या दिवशी पट्टे बांधायला वेलांटीराव स्वतः हजर होते. त्यांनी ते दोनदा ओढून पाहिले. साडूनं पहिली गाडी वर घेतली आणि तिच्यासमोर सरळ उभा राहिला. नुसताच. हात कुठं ठेवावेत तेच त्याला कळेना. संध्याकाळी त्यानं फोन केला. पाठ दुखत नाही, असं म्हणाला. खांद्याच्या व्यायामाला धाकटी सकाळ-संध्याकाळ बसवते, असंही म्हणाला. 

"एक गंमत सांगू का, साडूभाऊ? तीस वर्षं मी गिऱ्हाइकं बुटांवरून ओळखत होतो. खाली बसलेलो असायचो, वर कोण बघतंय. आज पहिल्यांदा सगळ्यांचे चेहरे दिसले. तो तपकिरी बूटवाला आणि तो निळ्या चपलांचा माणूस, मी दोन वेगळे समजत होतो. दोघांशी वेगवेगळं बोलायचो. तो एकच निघाला."

"मग काय केलंत?"

"काय करणार. तपकिरी बूटवाल्याबद्दल मी त्याच्याजवळच फार तक्रारी केल्यात. आज चहा पाजला."

वेलांटीराव इतके मोठ्यानं हसले की मॅडम बाहेरून बघायला आल्या.